उधारीची वही रस्त्यावर

मागच्या मृगात, पेरणीची घाई सुरू असताना, पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांच्या दुकानाची उधारी मला इथं होस्टेलवर दिसतेय."

मला वाटलं, दादानं हिशेबासाठी काही पाठवलं असेल.

"पाठवलं नाही. मी ब्राउझरमध्ये नुसते आकडे टाकले. पासवर्डही विचारला नाही. मला दिसतंय तसं कुणालाही दिसेल."

सुलतानपूरला दादाचं बियाणं-खतांचं दुकान आहे. लोणार तालुक्यातलं गाव, कापूस-सोयाबीनचा भाग. जूनमध्ये बियाण्याची बॅग, डीएपी, तणनाशक न्यायचं आणि सोयाबीन बाजारात गेलं की दसरा-दिवाळीच्या आगेमागे पैसे आणून द्यायचे, ही आमच्याकडची रीत वडिलांच्या काळापासूनची. तेव्हा लाल कापडाची वही होती. चार वर्षांपूर्वी ती संगणकात गेली.

खात्री पटावी म्हणून पुतण्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. मी तो लगेच पुसला, पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. सगळी नावं ओळखीची. एका नावासमोर तीन हंगामांची बाकी. त्या घरच्या लग्नात मी त्याच उन्हाळ्यात जेवून आलो होतो. ती बाकी मला कळायला नको होती.

उधारी चारचौघांत बोलायची नसते, हे आमच्याकडे कुणाला कायद्यानं शिकवावं लागलं नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक शिरलं की वडील वही पालथी ठेवायचे. बाकी सांगताना आवाज उतरवायचे. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी शेती विचारतात आणि मग गावातल्या कुणाला तरी बाजूला घेऊन 'देणं किती' विचारतात, हे त्यांना माहीत होतं. २००६ साली शेतकरी आत्महत्यांनंतर पंतप्रधानांनी दिलेल्या पॅकेजसाठी विदर्भातले जे सहा जिल्हे निवडले गेले, त्यांत बुलढाणा होता. का निवडला गेला, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. अशा जिल्ह्यात माणसाच्या देण्याचा आकडा उघड्यावर पडणं किती वाईट, हे मला कुणाला पटवून द्यावं लागू नये.

तरी तो पडला, आणि दोन वर्षं तसाच पडून होता.

घडलं ते साधं आहे. दादाचं गोदाम रस्त्याच्या पलीकडे. माल काढून देणाऱ्या पोराला मोबाईलवर बाकी बघता यावी म्हणून दुकानाच्या संगणकावर एक छोटं वेब पान करून घेतलं होतं. दुकानाचं वायफाय गोदामापर्यंत पोचत होतं, काम चालत होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण दादा म्हणाला, शेतात असलो तरी दिसलं पाहिजे. ज्यानं काम करून दिलं त्यानं नेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा बाहेरचा पत्ता, घ्यायला लावला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, दादाच्या फोनवर पान उघडून दाखवलं आणि पैसे घेऊन गेला. ते पान दुकानापुरतं म्हणून बनलं होतं, त्यामुळे त्याला पासवर्ड नव्हताच. तो नंतरही घातला गेला नाही. दहा मिनिटांचं काम असेल.

त्या माणसानं 'दिसतंय ना?' एवढंच विचारलं. दादानं मान डोलावली. आणखी कुणाला दिसतंय, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

हाच प्रश्न मला या सदरातून विचारायचा आहे. दुकानदारांना, पतसंस्थांच्या संचालकांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि सगळ्यात आधी कॅमेरे, राउटर, बिलिंगची सॉफ्टवेअर बसवून देत गावोगाव फिरणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना. तुम्ही लावलेलं यंत्र आणखी कुणाला दिसतंय?

तुमच्या घरातल्या राउटरवर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये असे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. हे पत्ते चार भिंतींच्या आतले. बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना टपाल पोचत नाही. म्हणजे दादाच्या संगणकाला ही ओसरी आयती मिळाली होती. आतल्यानं बाहेर जावं, पण बाहेरच्यानं बोलावल्याशिवाय आत येऊ नये, अशी व्यवस्था कुणी काही केलं नाही तरी चालू राहते. पोर्ट फॉरवर्ड केलं की माजघराची खिडकी थेट रस्त्यावर निघते.

संगणकावर चालणाऱ्या सेवेलाही सांगावं लागतं की कुठल्या पत्त्यावर कान द्यायचा. १२७.०.०.१ लिहिलं तर ती त्याच संगणकापुरती राहते. दुकानातला पत्ता लिहिला तर दुकानापुरती. ०.०.०.० लिहिलं तर येईल त्या वाटेवरची हाक ऐकते. 'चालत नाही' अशी तक्रार आली की घाईत शेवटचाच पर्याय लिहिला जातो, कारण तो नेहमी चालतो.

'सुलतानपूरच्या दुकानात कोण कशाला डोकावतंय?' असं मला एका शिकलेल्या माणसानं विचारलं. डोकावायला कुणी माणूस लागतच नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधन बनवलं. त्यानं एका संगणकावरून, पाऊण तासाच्या आत, जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते, म्हणजे चारशे कोटींच्या घरात, ठोठावून बघता येतात. शोडान नावाचं शोधयंत्र २००९ पासून हेच करतं आणि कुठल्या पत्त्यावर काय उघडं आहे याची यादी ठेवतं. ठोठावणाऱ्याला गावाचं नाव माहीत नसतं आणि नकोही असतं. दार उघडं असलं की पुरे.

मोठ्या घरांतही हेच चालतं. ३१ जुलै २०२४ ला देशातल्या जवळपास तीनशे छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. सहकारी बँका आणि ग्रामीण बँका. खातेदारांचं यूपीआय चालेना, एटीएममधून पैसे निघेनात. या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला होता आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला आपल्या जाळ्यापासून तोडून ठेवलं होतं. कडी लावली, म्हणून आग पुढे सरकली नाही. तो निर्णय बरोबर होता. क्लाउडसेक या बंगळुरूच्या सुरक्षा कंपनीनं नंतर हल्ल्याचा माग काढला, तेव्हा वाट सी-एजच्या एका भागीदार कंपनीकडच्या जेनकिन्स सर्व्हरपर्यंत गेली. तो नीट बांधलेला नव्हता. जेनकिन्स म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं कारखान्यातलं अवजार. ते गिऱ्हाइकासाठी नसतं, चार प्रोग्रॅमर सोडले तर कुणाला त्याची गरज नसते. आतल्या खोलीतलं असं एक अवजार बाहेरून हाताला लागलं आणि तीनशे बँकांच्या खातेदारांना एटीएमसमोरून परत जावं लागलं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण वेगळ्या जातीचं, पण मुळाशी तेच. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ ला हाँगकाँगच्या एका बँकेत १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. खात्यात पैसे आहेत का, हे मूळ यंत्रणेला न विचारता परस्पर 'द्या' म्हणणारी खोटी यंत्रणा बँकेच्या आतच उभी राहिली होती. आत शिरलेल्याला पुढची प्रत्येक खोली उघडी सापडते, तेव्हा असं होतं.

कॅमेऱ्यांबद्दल मी जरा रागानं लिहिणार आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली सीसीटीव्हीची चित्रं विकली जात असल्याचं उघड झालं. बायकांच्या तपासणीची चित्रं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत लातूरचा एक आणि सांगलीचा एक तरुण होता. तपास वाढला तसे वेगवेगळ्या राज्यांतले अनेक कॅमेरे निघाले: रुग्णालयं, शाळा, दुकानं, घरं. राजकोटच्या यंत्राचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' असल्याचं बातम्यांत आलं. विकणारे गुन्हेगार आहेतच. पण तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावला कुणी, आणि तो रुग्णालयाबाहेर दिसेल असा जोडला कुणी? ती खोली आतल्या पडद्यावरही दिसायला नको होती.

सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. ९ एप्रिल २०२५ पासून तो नियम लागू झाला. चांगलं झालं. पण नियम नव्या यंत्रांना आहे. सुलतानपूरच्या रस्त्यावर पाच-सहा वर्षांपूर्वी बसवलेले कॅमेरे तसेच लटकले आहेत, आणि त्यांचे पासवर्ड अजून ज्यानं बसवले त्याच्याच डोक्यात आहेत. यंत्र घेणाऱ्याचं, किल्ली बसवणाऱ्याकडे. घर बांधून झाल्यावर गवंड्यानं किल्ली स्वतःजवळ ठेवली असती तर आपण गप्प बसलो असतो का?

२०१६ साली 'मिराई' नावाच्या विषाणूनं असेच मूळ पासवर्डवर राहिलेले कॅमेरे आणि त्यांची रेकॉर्डिंगची यंत्रं लाखांनी ताब्यात घेतली. त्यासाठी त्याला साठेक नावं-पासवर्डांची यादी पुरली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली ती कुणाच्या तरी दुकानातल्या आणि अंगणातल्या कॅमेऱ्यांनी मिळून पाडली. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

आता दादाच्या दुकानात काय केलं ते सांगतो, कारण नुसतं रागावून कुणाचं दार बंद होत नाही. पुतण्या शनिवारी गावाला आला. पोर्ट फॉरवर्डिंग काढलं. यूपीएनपी नावाची सोय बंद केली, कारण तिच्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र मालकाला न विचारता राउटरमधून स्वतःसाठी वाट काढून घेऊ शकतं. हिशेबाचं पान दुकानाच्या आतल्या पत्त्यावर बांधलं. फायरवॉलमध्ये, म्हणजे दारावरच्या पहाऱ्यात, फक्त दोन यंत्रांना वाट ठेवली: गोदामातला मोबाईल आणि दादाचा. पानाला पासवर्ड घातला, राउटरचा बदलला. नव्या पद्धतीच्या पत्त्यांचं, म्हणजे आयपीव्ही६ चं, वेगळं बघितलं. तिथं घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरून ओळखता येणारा पत्ता मिळतो, तेव्हा ओसरीचा आडोसा नसतो आणि राउटरची फायरवॉल चालू असणं हाच एक आधार. ती चालू होती.

मग गिऱ्हाइकांचं वायफाय. खतविक्रीच्या यंत्रावर आधारसाठी अंगठा लागेपर्यंत माणूस उभा राहतो, तेवढ्यात 'भाऊ, पासवर्ड सांगा ना' म्हणतो, आणि दादा कुणाला नाही म्हणत नाही. म्हणजे गावातले निदान पन्नास मोबाईल दुकानाच्या आतल्या जाळ्यात येऊन बसत होते. बाहेरचं दार लावून उपयोग काय? राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं. ते चालू केलं, त्याचा पासवर्ड भिंतीवर लिहिला. पाहुण्यांना ओसरीवर चहा मिळेल, माजघरात वाट नाही.

शेतातून बघायचं होतं त्याचं काय? त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे फोनपासून दुकानापर्यंतची खासगी बंद वाट, लावलं. वायरगार्ड नावाचं, फुकट मिळणारं. दादाच्या फोनमध्ये एक किल्ली ठेवली, जोडीची दुकानात. किल्ली नसलेल्यानं ठोठावलं तर आतून उत्तरच येत नाही, दार आहे हेही त्याला कळत नाही. तालुक्याच्या गावात बसवून देणाऱ्या कुणालाही हे तासाभरात शिकता येईल. शिकायलाच हवं.

शेवटी पुतण्यानं एक तपासणी केली, ती प्रत्येकानं आज करावी. फोनचं वायफाय बंद करा. मोबाईल डेटावरून आपल्या दुकानाचा, कॅमेऱ्याचा, राउटरचा बाहेरचा पत्ता उघडा. उघडला तर तो तुमच्यापुरता नाही. वायफायवर राहून तपासलं तर सगळं ठीकच वाटतं, कारण तेव्हा तुम्ही घरातच उभे असता. आणि तपासायचं ते आपलंच. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय, लबाडीच्या हेतूनं शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दार उघडं दिसलं तर मालकाला सांगा.

एक गोष्ट मात्र भरून काढता आली नाही. दोन वर्षांत कोण कोण येऊन ती यादी बघून गेलं, याची नोंद कुठंच नव्हती. राउटरमध्ये नव्हती, संगणकात नव्हती. कुणीच आलं नसेल. हजार जण आले असतील.

हे एका दुकानापुरतं नाही. केंद्रानं जून २०२२ मध्ये ६३ हजार सेवा सोसायट्या संगणकावर आणायला २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. गावातल्या कितीतरी शेतकऱ्यांचं पीककर्ज त्या दप्तरात असतं. मला या योजनेचं स्वागत करायचं आहे, कारण सोसायटीच्या हिशेबाला कुणीतरी विचारणारं हवंच होतं. पण केंद्रातून कितीही चांगलं सॉफ्टवेअर आलं तरी ज्या खोलीत तो संगणक ठेवला, तिथला राउटर गावातलाच कुणीतरी लावतो. खरेदीच्या कागदावर यंत्रांची संख्या असते, किंमत असते, हमीची वर्षं असतात. त्याच कागदावर तीन ओळी वाढवा: कुठली सेवा बाहेरून दिसते, ती का दिसायला हवी, आणि पासवर्ड कुणाच्या ताब्यात दिले. बसवणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. त्याशिवाय बिल मंजूर करू नका. सरपंचानं, सचिवानं, मुख्याध्यापकानं हे करायला वरून परिपत्रक यायची वाट बघू नये.

कायदा आला आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. ज्याची माहिती फुटली त्याला कळवणंही बंधनकारक होणार आहे, त्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे.

याच कळवण्यावरून घरात वाद झाला. मी दादाला म्हणालो होतो, झालं ते झालं, आता बंद केलंय, कशाला बोभाटा करतोस. गिऱ्हाईक तुटेल, पेरणीच्या दिवसांत दुकान बसेल. आज मला ते बोलल्याचं वाईट वाटतं. पुतण्या म्हणाला, "बाबा, वही त्यांची पण आहे." दादा त्या रात्री काही बोलला नाही.

मला १८७५ आठवलं. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांनी शोधली ती कागदपत्रं: रोखे, कर्जखतं, वह्या. हाती लागली ती जाळली. आपल्या नावावर काय लिहिलंय हे ज्यांना वाचता येत नव्हतं आणि दाखवलंही जात नव्हतं, त्यांचा तो राग होता. दीडशे वर्षांत एवढाच फरक पडला की दादाच्या गिऱ्हाइकांचा हिशेब आता पृथ्वीवरच्या कुणालाही वाचता येत होता. ज्याचा हिशेब, त्याला मात्र अजूनही दुकानात येऊन विचारावं लागत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दादानं एकेका गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली. काय झालं, किती दिवस, आता काय केलं. काही जण चिडले. एक जण महिनाभर दुकानात आला नाही. बरेच जण 'बरं' म्हणून निघून गेले, त्यांना नीट समजलं की नाही मला सांगता येणार नाही.

मी दुकानात बसलो होतो तेव्हा एक म्हातारे आजोबा आले. वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. दादानं त्यांनाही सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले.

"आता कोणाकोणाले दिसते?"

"मले, अन् गोदामातल्या पोराले."

"अन् मले?"

दादानं उठून संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे डीएपीचं दुसरं पोतं मी वापस केलं होतं."

दादानं मागची बिलं काढून बघितली आणि ते पोतं वजा केलं.